लाल गाडीची शिट्टी

६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीचा आवाज येत नाही ही आनंदाची गोष्ट आहे, असं शोरूममधल्या टायवाल्या पोराने आज मला समजावलं. "मॅडम, एकदम स्मूथ आहे." मी म्हटलं, बाळा, मी छातीची डॉक्टर आहे. ज्या छातीतून काहीच आवाज येत नाही, तिच्या नातेवाइकांना आम्ही स्मूथ आहे म्हणून सांगत नाही. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

माझी तक्रार अगदी साधी आहे. माझ्या लाल गाडीला टर्बो आहे. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते. तो पंखा फिरायला लागला की बारीक शिट्टी वाजते. दर गुरुवारी जळगावहून धुळ्याला, देवपूरच्या दवाखान्यात जाताना एरंडोल मागे पडलं की मी पाय दाबते, ते त्या शिट्टीसाठी. उन्हाळ्यापासून ती बारीक होत चालली होती. दिवाळीनंतर गेलीच. गाडी पळते, पण मुक्याने पळते. शिट्टी नाही म्हणजे टर्बो थकला, हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. शोरूममध्ये मात्र चार इंजिनीअर आहेत आणि चौघेही म्हणाले, शिट्टी आहे.

रुपचंद म्हणाला, विकून टाकू. रुपचंद म्हणजे माझा नवरा. शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्टीवर त्याचा हा एकच उपाय असतो. त्याच्या पुतण्याचा गाडीवर डोळा आहे, तेही मला ठाऊक आहे. शेवटी असं ठरलं की महिनाअखेरपर्यंत मला विश्वासाचा मेकॅनिक मिळाला तर गाडी राहील, नाहीतर पुतण्या घेऊन जाईल. मी कबूल झाले. अख्ख्या खानदेशात आपलं काम जाणणारा एक तरी माणूस असेलच. घर, हॉस्पिटल, सोनलचं शिक्षण, तिचं लग्न, सगळं मी कुणा ना कुणासाठी केलं. गाडी तेवढी माझ्यासाठी घेतली. ती गेली की मी नुसती डॉक्टरीणबाई उरेन, आणि त्या बाईचा मला मनस्वी कंटाळा आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच डाळ जळली. स्वयंपाकाची भिकुबाई भाजी आणायला खाली गेली होती, मी ओट्यापाशी पेपर वाचत बसले होते. कुकरने शिट्टीच दिली नाही. दिवाळीपासून वॉशर किती वेळा बदलून झालं, तरी तेच. भिकुबाई म्हणते, तिला शिट्ट्या जिन्यात ऐकू आल्या. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते.

दुपारी पिंटूकडे गेले. अजिंठा चौफुलीच्या पुढे त्याचं गॅरेज आहे. केळीवाल्यांची पोरं आपल्या गाड्या त्याच्याकडे नाचवायला, म्हणजे जोर वाढवून घ्यायला, आणतात. त्याच्या हातभर गोंदण, गळ्यात साखळी, टेबलावर लॅपटॉप. मी बोलायला लागले तेव्हा तो माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघत होता. साहेब कुठे दिसतात का ते शोधत असावा.

त्याचा पहिला प्रश्न, "याआधी कोणाचा हात लागलाय?" मी शोरूमचं नाव सांगितलं. तर याने तिथल्या मिस्त्रीला फोन लावला. ही यांच्यातली रीत म्हणे. दुसऱ्याने पाहिलेली गाडी त्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही. पेशंट माझ्याकडे आला तर मी आधीच्या डॉक्टरला फोन करून परवानगी मागत नाही, मी त्याची चिठ्ठी फाडते. पण हे लोक एकमेकांना विचारणार, म्हणजे काय बोलायचं ते आधीच ठरणार. दोघं बराच वेळ पुटपुटत होते. हल्ली स्पष्ट बोलण्याची पद्धतच राहिलेली नाही.

मग पिंटू गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "मॅडम, शिट्टी येतेय ना."

"मला येत नाहीये."

"एसी बंद करून, काचा खाली घेऊन ऐका."

मी त्याला सांगितलं, माझे कान मला शिकवू नकोस. श्वास घेताना फुफ्फुसाच्या तळाशी जी चरचर होते, केसांची बट कानाशी चोळावी इतकी बारीक, ती ऐकण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मग मात्र तो मवाळ झाला. म्हणाला, हवेचा दाब वाढवून देतो, जोर वाढला की आवाजही वाढेल. म्हटलं, हे आधी का नाही सुचलं? लॅपटॉप लावून त्याने काय ते केलं. गाडी आता वेड्यासारखी ओढते. शिट्टी नाहीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ओपीडीत आज फार गर्दी होती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याशा गावाहून जामसिंग नावाचा माणूस आपल्या आईला घेऊन आला होता. दिवालीबाई. मूठभर बाई, पण तोंड तुरुतुरु चालतं.

"माय रातभर खोकलस," तो म्हणाला. "जराशी चालनी का दम लागस."

"चूल फुकी फुकी जलम गया, बाई," ती म्हणाली. "आते काय व्हनार शे?"

मी छाती तपासली. स्वच्छ होती. चुलीच्या धुराने नळ्या आकसल्या आहेत, दुसरं काही नाही. ओढायचं औषध लिहून दिलं. माझ्या हाताखालच्या डॉक्टर तहरीमने मागाहून पाठीला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, खाली दोन्हीकडे चरचर आहे असं वाटतंय. एक्स-रे काढू या का?"

या पिढीला वाटतं फार. पाठीवरच्या लुगड्याचा आवाज हिला फुफ्फुसाचा वाटला असणार. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "तहरीम, दर खोकल्याला एक्स-रे काढायला मशीनवाला पुरतो, डॉक्टर लागत नाही." ती लाल झाली. हुशार आहे, पण स्वतःवर भलता भरवसा. मोडायला हवा, वेळीच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रुपचंद आज धुळ्याला माझ्याबरोबर आला. का आला ते सांगत नाही. पारोळ्याच्या अलीकडे मी उजवीकडे घेतलं आणि एक ट्रक आरशाला खेटून गेला. एका विताचा फरक. मी गाडी बाजूला घेऊन त्याला शिव्या घातल्या, तो तोवर दिसेनासा झाला होता. हॉर्न न देता ओव्हरटेक करतात, यांना लायसन कोण देतं?

रुपचंद म्हणाला, "तो मघापासून हॉर्न देत होता, ललिता."

प्रत्येक ट्रकवाल्याची वकिली करायची याला हौस. नंतर म्हणे, तू जोर दिलास की इंजिनात चणे फुटल्यासारखा आवाज येतो. टर्बोमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. आयुष्यभर सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून झोपलेला माणूस. मी जास्तच जोर दिला. त्याने दाराची मूठ धरली आणि देवपूर येईपर्यंत सोडली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सोनलचा पुण्याहून फोन होता. ती फोन हातभर लांब धरून बोलते, मग मला ओरडायला लावते. आईला काही सांगायचं तर नीट सांगावं, हे शिकवायचं राहिलं.

संध्याकाळी बातम्या लावल्या. रुपचंद दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून सोफ्यावर बसला. म्हटलं, हे काय? तर म्हणे, वारं लागतं. खिडक्या बंद होत्या. निवृत्तीने माणसाचं काय होतं ते कुणी लिहून ठेवायला हवं.

पिंटूकडे पुन्हा गेले होते. "मॅडम, यापुढे दाब वाढवला तर इंजिन जाईल," म्हणाला. म्हणजे याचीही अक्कल संपली. धुळ्याच्या अय्युबकडे जा म्हणाला. वर, "तो माझ्यासारखा गोड बोलणार नाही." गोड बोलणाऱ्यांचा मला वीट आलाच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दवाखाना आटोपून अय्युबकडे गेलो. रुपचंद बरोबर होता, हल्ली तो मला गाडीत एकटी सोडत नाही. गॅरेज महामार्गाला लागून आहे. अय्युब पन्नाशीचा, पांढरी दाढी, कपाळाला कायमची आठी. मी बोलत असताना त्याने एकदाही मान वर केली नाही. माझं झाल्यावर म्हणाला, "हात कोणाचे लागले?" मी सांगितलं. त्याने पिंटूला फोन लावला, दाब वाढवल्याचं ऐकलं आणि सगळ्या गॅरेजसमोर त्याला फोनवर असा झोडपला की मला ऐकून बरं वाटलं. "बाईने सांगितलं म्हणून इंजिन मारशील का? उद्या बाई म्हणेल चाकं काढ." शेवटी म्हणाला, "आता दाब उतरवतो. परमिशन दे." दिली असावी. उतरवला.

मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. विसाव्या शतकाच्याही आधीचा प्रकार. म्हणाला, "टर्बो ठणठणीत आहे. शिट्टी आहे. घेऊन जा."

"शिट्टी नाहीये," मी म्हटलं.

"बाई, मी रोज हेच ऐकतो."

"मीही रोज हेच ऐकते."

मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला. आज या सगळ्यांचा एकदाचा निकाल लावायचा होता. रुपचंदला आत बसवून पाय दाबायला सांगितलं. टर्बोकडून येणाऱ्या पाइपवर नळीची चकती ठेवली. घरघर, खालचा दणका, सगळं स्वच्छ आलं. शिट्टी नव्हती. कानांतून काढून अय्युबच्या हातात दिली. "ऐका. काही नाही."

त्याने ऐकलं. "आहे की."

"उगाच आहे म्हणू नका."

"मी खोटं बोलायला तुमचा पेशंट आहे का?" तो चिडला. एक ट्रक ड्रायव्हर बाकावर चहा पीत बसला होता, त्याला हाक मारली. "मगनभाऊ, इकडे या. हे कानात घाला. काय येतं ते बाईला सांगा."

मगनभाऊने ऐकलं. बोलून सांगता येईना म्हणून त्याने ओठांचा चंबू केला आणि तो आवाज काढून दाखवला. आजूबाजूची माणसं हसली, म्हणजे हुबेहूब जमला असणार. मला नुसते त्याचे ओठ दिसले.

मग रुपचंद गाडीतून उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. मगनभाऊला आत बसवून त्याने नळी स्वतःच्या कानांत घातली, थोडा वेळ ऐकलं, आणि घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

अय्युबने आपल्या परीने निदान केलं. "तुमची ही नळी तुमच्या कानाला लूज पडत असेल. बारक्या साइजची आणा." मी हो म्हटलं. येताना गाडी रुपचंदने चालवली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ओपीडी तहरीमवर सोपवली. डोकं दुखतं असं सांगितलं. ती बरं म्हणाली, जराही आश्चर्य न वाटता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुकदेव नेहेतेकडे गेले. कानाचा डॉक्टर, कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होता. नापास व्हायचा आणि मी त्याला शिकवायचे. त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाब. सुरुवातीला दाबलं. मग बराच वेळ मी बसून राहिले. मला वाटलं या वेंधळ्याने यंत्र बंद ठेवलंय. काचेतून बघितलं तर तो कळ फिरवत होता, माझ्याकडे बघत होता, पुन्हा कळ फिरवत होता.

कागदावर रेघ निघाली. खालच्या सुरांना सपाट, वरच्या सुरांना दरीत गेलेली. दोन्ही कान. "वयाने होतं," तो म्हणाला. "हळूहळू जातं, म्हणून माणसाला कळत नाही. घरच्यांना आधी कळतं." कानाला मशीन लाव म्हणाला. मी म्हटलं बघू. आणि ओरडू नकोस, मी समोरच बसलेय.

जिना उतरताना मी स्वतःशी हिशेब मांडत होते: शोरूमची पोरं खरं बोलत होती, पिंटू खरं बोलत होता, अय्युब खरं बोलत होता. मी विश्वासाचा मेकॅनिक शोधत होते, ते सगळेच विश्वासाचे निघाले. कुकरही खरा. जरा हसूही आलं.

शेवटच्या पायरीवर हसू थांबलं. शिट्टी ज्या वरच्या सुरात वाजते, फुफ्फुसाची बारीक चरचर तिथेच असते. हे मी मुलांना फळ्यावर काढून शिकवलं आहे.

मी तिथेच पायरीवर बसले. माझ्याबद्दल मला इतकी किळस कधी वाटली नव्हती. उन्हाळ्यापासून मी किती छात्या स्वच्छ म्हणून सोडल्या? आवाज नाही म्हणून गाडीवर संशय घेतला, मिस्त्र्यांवर घेतला, वॉशरवर घेतला. छातीतून आवाज आला नाही तेव्हा मात्र म्हटलं, छान, जा घरी. टायवाल्या पोराला जे सुनावलं तेच मी रोज करत होते. आणि जिने ऐकलं तिला मी सगळ्यांसमोर गप्प केलं.

हॉस्पिटलमध्ये जाऊन तहरीमला दार लावायला सांगितलं आणि रेघेचा तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने पाहिला. म्हटलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांना माहीत होतं. सांगणार कोण?"

उन्हाळ्यापासून मी तपासलेल्यांना परत बोलवायचं काम तिने लगेच सुरू केलं. तिनेच फोन लावले, मी शेजारी बसून राहिले. लोक येतो म्हणाले. जामसिंगचा फोन लागेना.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी निघालो. गाडी रुपचंदने चालवली. मी त्याच्या शेजारी, तहरीम मागे. गाव तहरीमला ठाऊक होतं, त्या दिवशी तिने दिवालीबाईला विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं. चोपडा सोडल्यावर रस्ता कच्चा झाला आणि खालून दगड लागायला लागले. माझी लाल गाडी असल्या रस्त्यासाठी नव्हे.

दिवालीबाई अंगणात बाजेवर बसली होती. पुढ्यात कापसाचा ढीग, पण हात थांबलेले. ओठ निळसर. पंधरवड्यात बाई निम्मी झाली होती. माझं औषध उशाशी होतं. "ओढस मी, बाई. रोज ओढस," ती म्हणाली. मला मान वर करवेना.

तहरीमने बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन कमी होता, बराच. मग तिने पाठीला नळी लावली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "चरचर दोन्हीकडे आहे, मॅडम. आधीपेक्षा वर आलीय." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. मला त्यात कुठे टोमणा सापडेना, आणि मी शोधला.

जामसिंगने आईला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसला. तहरीम कशीबशी पलीकडे कोंबून बसली. जळगाव गाठायचं, एक्स-रे, ऑक्सिजन, मग काय ते कळेल. फुफ्फुस घट्ट होत चाललं असेल तर गेलेला पंधरवडा परत आणता येणार नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज ना उद्या मलाच सांगावं लागेल, तहरीमला नाही.

कच्चा रस्ता संपला तेव्हा दिवालीबाईने मागून माझ्या खांद्याला हात लावला. मी वळून तिच्या तोंडाकडे बघितलं.

"त्या पोरीनी नळी लाई. तू काबर नही लाई, बाई?"

रुपचंदने आरशातून बघितलं. तहरीम खिडकीबाहेर बघत होती. नेहमीसारखं काही तरी फेकता आलं असतं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "तुझी छाती त्या दिवशी बोलत होती. मला ती ऐकू आली नाही, आणि मी तुला घरी पाठवलं."

मला वाटलं आता ती बोल लावेल, आणि लावावा असंही वाटलं.

"मंग सांगानं ना, माय," ती म्हणाली. "मी जोरमा खोकलस."

आणि माझ्यासाठी तिने खरंच जोर लावून खोकून दाखवलं, दोनदा. मग दम संपून ती जामसिंगच्या खांद्यावर कलंडली. रुपचंदने कुणी न सांगता पाय दाबला.